रांजणातलं गाणं

खोली दाखवायच्या आधी त्यांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, एकट्या बाईकडं कोण येतं-जातं तेही विचारलं नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं राहून अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "मिक्सर हाय का तुमच्याकडं?"

सोलापुरातला मे महिना. उन्हानं डांबर पातळ झालेलं. आणि या साठीच्या गृहस्थांनी लोकरीची कानटोपी हनुवटीपर्यंत ओढून घेतलेली. कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांतून घाम ओघळत होता, तो ते उपरण्यानं टिपत होते. टोपीला मात्र हात लावत नव्हते.

"आहे," मी म्हटलं.

"कवा लावता?"

"सध्या बंदच आहे. कपाटात पडलाय."

"आन् कुकर?"

मला रागच आला. किती दिवस मी खोल्या बघत फिरत होते. प्रत्येक ठिकाणी आईची हकिकत सांगितली होती आणि प्रत्येक ठिकाणी चहा पाजून मला वाटेला लावलं होतं. या वेळी काही बोलायचंच नाही असं ठरवून आले होते. पण कुकरचं नाव निघालं आणि तोंडातून निसटलं, "कुकर आम्ही लावतच नाही. माझ्या आईला आवाज सहन होत नाही."

ते माझ्याकडं बघत राहिले. परमुलखात आपल्या गावचं माणूस भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, आणि तो खुळखुळू नये म्हणून मुठीत दाबून तसाच माझ्या हातात ठेवला.

"कवा येताय ऱ्हायला?" त्यांनी विचारलं.

गल्लीत सगळे त्यांना अप्पा म्हणत. आम्हीही म्हणू लागलो.

आई करमाळ्याची. तिथल्या बायकांच्या भजनी मंडळाची ती म्होरकी. टाळ तिच्या हातात असला की पखवाजवाला तिच्या तोंडाकडं बघून वाजवायचा, इतका तिचा धाक. मग एकदा तिला ताप आला आणि तो डोक्यात गेला. दवाखान्यातून ती घरी आली ती चांगली चालती-बोलती, सगळ्यांना ओळखणारी. पण आवाज तिच्या अंगावर धावून येऊ लागले. ताटात चमचा पडला तरी चटका बसल्यासारखी ती मागं सरायची. डॉक्टर म्हणाले, "कान ठणठणीत आहेत. मेंदू नको ते आवाज गाळून टाकत असतो, ती चाळणी सध्या फाटली आहे असं समजा. भरून येईल हळूहळू. पण कानात कायम बोळे घालून बसवू नका. आवाजाची सवय पार मोडली तर त्रास वाढेल."

मी तिला सोलापूरला माझ्याजवळ आणलं. माझी खोली होती यंत्रमागाच्या कारखान्याला भिंत लागून. आई मोरीचं दार लावून आत पाटावर बसून राहायची. टाळ तिनं स्वतःच लुगड्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवले होते. "देवाचं नाव बी टोचतंय गं," ती मला म्हणाली. आजारपणात ती रडली नव्हती, तेव्हा रडली.

अशा अवस्थेत आम्ही अप्पांच्या माडीवर राहायला आलो. पहिल्या दिवशी मी पाहिलं, तर दारांच्या कडांना जुन्या चादरीच्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या. खिडक्यांच्या कड्यांना दोरा गुंडाळलेला. नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं, म्हणजे पाणी बादलीत पडताना वाजू नये. त्या घरात एक मांजर होतं, तेही ओरडत नसे. आई दुपारी पलंगावर आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपली. मी तिच्या उशाशी नुसती बसून राहिले. मला वाटलं, आता काही नाही मिळालं तरी चालेल.

अप्पांना कुणी विचारलं, टोपी कशाला, तर ते म्हणत, "सर्दी हाय." ही सर्दी त्यांना शाळेपासून होती. बाजारात त्यांच्या आजोबांनी काढलेलं भांड्यांचं दुकान होतं, ते त्यांच्या गळ्यात पडलेलं. ज्याला भांड्याचा आवाज सोसत नाही त्याच्या नशिबी भांड्यांचं दुकान. घागर घेणारं गिऱ्हाईक बोटाच्या पेरानं घागर वाजवून बघतंच. अप्पा आधी हात जोडायचे, "वाजवू नका, चांगली हाय, माज्यावर इस्वास ठेवा." गिऱ्हाईक ऐकेना झालं की ते दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर जाऊन उभे राहायचे आणि वाजवून झालं का हे मान वाकडी करून बघायचे. भांड्यांवर नाव घालायचं मशीन त्यांनी शेजारच्या चहावाल्याच्या मागच्या खोलीत ठेवलं होतं. दुकानातल्या प्रत्येक फळीवर सोलापुरी चादर अंथरलेली असायची. नवी माणसं विचारायची, भांडी विकता की चादरी?

जेवतानाही त्यांचं तसंच. आमच्याकडची कडक भाकरी म्हणजे पापडासारखी, मोडली की शेजारच्या घरात कळावं. काकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, ती आवडीनं खायच्या. अप्पा आपली भाकरी आधी आमटीत बुडवून ठेवायचे आणि काकूंचं खाणं होईपर्यंत परसात झाडाला पाणी घालायचे. काकूंना त्याचं काही वाटत नसे. "माजं झालं हो," असं त्या दारातून सांगायच्या आणि मग अप्पा आत येऊन जेवायला बसायचे.

एवढं सगळं असून या माणसाला गाण्याचं वेड होतं. गावात गाण्याची बैठक असली की अप्पा जायचेच, पण आत बसायचे नाहीत. सभागृहाबाहेर चपलांच्या ढिगापाशी, कधी समोरच्या पानपट्टीच्या बाकावर. कोणतं वाद्य कुठून ऐकायचं हे त्यांचं ठरलेलं असे. "सतार दारातनं ऐकायची, तबला रस्ता ओलांडून. अन् गाणारी बाई असली तर जिन्याखालनं. गाणं आत बसूनच ऐकावं असं कुणी सांगितलंय?" एका वर्षी संयोजकांनी आग्रहानं त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. माईक कुंईऽ करून किंचाळला आणि अप्पा गायकाच्या डोळ्यांसमोरून उठून चालते झाले. गावात बोभाटा झाला की भांडेवाल्यानं कलावंताचा अपमान केला. अप्पांनी खुलासा केला, "सर्दी हाय."

घरात ते गाणं ऐकायचे ते रांजणातून. मागच्या खोलीत कोपऱ्यात एक जुना मातीचा रांजण होता, त्यात पाणी भरत नसत. तळाशी चादरीची घडी, तिच्यावर मोबाईल, आणि रांजणाच्या तोंडावर दुसरी चादर. आपल्या दुकानातली झाडून सगळी भांडी त्यांनी यासाठी पारखली होती. "स्टीलमधी गाणं टोचतंय. तांब्यात तापतंय. पितळेत बरं हाय, पण बोलतंय लई. मातीत कसं, निवून येतंय बगा."

आईची आणि त्यांची गाठ जिन्यात पडली. आई दुपारची वरच्या पायरीवर बसली होती. अप्पा चपला हातात घेऊन जिना चढत होते. तिला बघून तिथंच खालच्या पायरीवर बसले. मी आत भाजी निवडत होते, मला ऐकू येत होतं.

"अक्का, तुमाला कंचा आवाज जास्त टोचतोय?"

तोवर हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

आई विचार करून म्हणाली, "स्टीलचा."

"मला बी. अन् पिशवीचा? ती चुरचुरती प्लास्टिकची?"

"अगं बया. ती तर नगोच."

"खुर्ची वढल्याली?"

"ती दातात जाती."

"हौदु," अप्पा म्हणाले. कानडीत म्हणजे, खरंय. "दातातच जाती."

एखाद्या भांडखोर नातेवाइकाबद्दल दोघांनी मिळून बोलावं तसं ते बराच वेळ चाललं. मी भाजी तशीच सोडून दाराआड उभी राहिले, कारण आई हसत होती.

काही दिवसांनी त्यांनी विचारलं, "गाणं ऐकनार काय?"

"नगो," आई झटकन म्हणाली.

"ऐकू नका. रांजण तेवडा बघून जावा."

आई माझा हात धरून खाली गेली. अप्पांनी तिला रांजणाजवळ पाटावर बसवलं आणि चादरीचं टोक तिच्या हातात दिलं. मग नीट, शाळेत सांगावं तसं सांगितलं, "आत तानपुरा लावनार हाय मी. नुसता तानपुरा. शब्द न्हाईत, ठेका न्हाई, मदीच वाढनार न्हाई. चादर तुमच्या हातात. उचलली तर ऐकू यील, सोडली तर बंद. मी हात लावनार न्हाई."

आईनं चादर बोटभर उचलली आणि लगेच सोडली.

"साकु?" अप्पांनी विचारलं.

"म्हंजी?"

"पुरं का?"

"साकु," आई म्हणाली आणि वर निघून आली.

मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर तीच म्हणाली, "खाली जाऊन येते जरा." मग ते रोजचंच झालं. अप्पा रोज आधी सांगायचे, आज काय लावणार, किती वेळ, कुठं जरा वर जाईल, कुठं थांबेल. "सांगून येतंय ते गाणं," असं त्यांचं म्हणणं. "न सांगता येतोय तो आवाज." तानपुऱ्यानंतर बासरी आली. मग एका बाईचं संथ गाणं. तबला त्यांनी फार उशिरा आणला, आणि त्या दिवशी रांजण मागच्या खोलीतून परसात नेला, आईला स्वयंपाकघरात बसवलं, मधलं दार लोटून घेतलं. आईला दार उघडावंसं वाटलं तर तिनं उघडायचं. तिनं ते हळूहळू उघडलं. कितीतरी दिवस लागले त्याला. मधे आठवडाभर तिनं काहीच ऐकलं नाही, गल्लीत कुणीतरी फटाका लावला होता म्हणून. अप्पांनी विचारलं नाही की बोलावलं नाही. ती पुन्हा आली तेव्हा पाट जागेवरच होता.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर रांजणाच्या तोंडावर चादर नव्हतीच. चादरीची घडी आईच्या मांडीवर होती, आतून कुणाचं तरी भजन येत होतं आणि आई कपाळाला आठ्या घालून अप्पांना सांगत होती, "ठेका चुकतोय ह्याचा. पखवाजवाल्याला म्होरं पळायची घाई झालीया."

"असू दे की अक्का, चांगला गातोय."

"चांगला कुटला? ऐका की नीट."

मी वर गेले. चहाचं आधण ठेवलं आणि ते आटून जाईपर्यंत ओट्याला टेकून उभी राहिले. वर्षभर छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं.

त्या हिवाळ्यात अप्पांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. मुलगी पुण्यात नोकरीला, समजूतदार. मुलगा अक्कलकोटचा. मुलाचे वडील मोठ्या मनाचे, मोठ्या आवाजाचे. बैठकीत ते म्हणाले, "बँड अन् डॉल्बी आमच्याकडनं. तुमी त्यात पडूच नका." अप्पा मान डोलावून हो म्हणाले आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं.

काकूंनी मग आम्हाला त्यांच्या स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगितली. अक्षता पडल्या, सगळी वाद्यं एकदम उठली आणि नवरदेव गायब. शोधाशोध झाली. नवरदेव धान्याच्या खोलीत पोत्यांच्या मागं, कानावर पोतं दाबून बसलेला. "लोक हसले, ते सोडा," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, मी पसंत न्हाई यांना. वर्सभर धड बोलले न्हाई मी. यांनी तरी सांगावं का न्हाई? तर म्हणे, सर्दी हाय."

अप्पा खाली मान घालून बसले होते. आईकडं बघून म्हणाले, "पोरीवर अक्षता पडताना बाप मांडवात न्हाई, असं व्हनार बगा अक्का. मला ठावं हाय. पाय थांबत न्हाईत माजे."

"मग सांगा की त्यांना."

"काय सांगू? सर्दी हाय म्हनून?"

"न्हाई. खरं सांगा. मी येते संगं."

दवाखाना सोडला तर आई कित्येक महिने घराबाहेर पडली नव्हती. गाडीच्या काचा बंद करून आम्ही चौघं अक्कलकोटला गेलो. तिथं गेलो तर टीव्ही मोठ्यानं चालू. आईचा चेहरा उतरला, पण ती सरळ म्हणाली, "तेवडा टीव्ही बंद करा. मला आवाज सोसत न्हाई. आजारपण झालंय माजं." लगेच बंद केला त्यांनी. पाणी आलं, सरबत आलं. अप्पा पेल्याकडं बघत बसले होते. काकूंनी त्यांना कोपरानं ढोसलं.

"मला बी सोसत न्हाई," अप्पा म्हणाले. इतक्या हळू की मुलाच्या वडिलांना पुढं वाकावं लागलं. "ल्हानपनापासनं. माजी सर्दी न्हाई ती. कान हायत तसे. डॉल्बी लागली तर मी मांडवात उभा ऱ्हाऊ शकनार न्हाई. पोर एकलीच हाय मला."

मुलाचे वडील रागावले असं नाही, गोंधळले. "पन अप्पा, वाजवायचंच न्हाई म्हंजी लोक काय म्हनतील? लग्न हाय का मयत, असं इचारतील की."

"वाजवू नका म्हनत न्हाई मी. लांब वाजवा. बँड ऱ्हाऊ दे, मैदानाच्या पल्याड. लांबनं चांगलं लागतंय. मला गानं लई आवडतंय, तसं नका समजू."

तेवढ्यात आतल्या दारातून मुलाची आई बोलली. पदर सावरत ती तिथं कधीची उभी होती. "थोरल्याच्या लग्नात त्या डॉल्बीनं माजी छाती धडधडत व्हती. मी सैपाकघरात जाऊन बसले. वरात बगितलीच न्हाई मी त्याची."

"मग सांगायचं न्हाईस?" नवरा म्हणाला.

"कुनाला सांगनार? तुमीच म्होरं नाचत व्हता."

सगळे हसले. मुलाचे वडीलही हसले, जरा ओशाळून. मग त्यांनी अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लांब म्हंजी किती लांब, ते तुमीच येऊन दावा."

लग्न कुंभारी गावाच्या बाजूला एका कार्यालयात झालं, मोठं मोकळं मैदान होतं समोर. आदल्या दिवशी अप्पा बँडवाल्याला घेऊन मैदानभर हिंडले. क्लॅरिओनेटवाला म्हातारा एकेका जागी थांबून वाजवायचा, अप्पा मांडवातून हात करायचे, अजून मागं, अजून मागं. शेवटी एका लिंबाच्या झाडाखाली जागा ठरली. म्हाताऱ्याला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "डॉल्बीम्होरं आमचं कोन ऐकतंय ताई? हितनं निदान सूर तरी जाईल."

मंत्रांना माईक लावला नव्हता. टाळ्या वाजवू नका असं मुलाच्या आईनं बायकांत फिरून सांगितलं होतं. सुरुवातीला मागचे लोक कुरकुरले की काही ऐकू येत नाही. मग ऐकू यावं म्हणून ते पुढं सरकले आणि गप्प झाले. एवढा भरलेला मांडव एवढा शांत मी पाहिला नव्हता. अक्षता पडल्या त्या तांदळांचा आवाज आला. आणि मैदानापलीकडून क्लॅरिओनेट सुरू झालं, सावकाश, वाऱ्यावर कमी-जास्त होत. अप्पा मुलीच्या मागं उभे होते. त्यांचे पाय हलले नाहीत. आई खांबाशी खुर्चीवर बसली होती आणि खुर्चीच्या हातावर एका बोटानं ठेका धरत होती.

वऱ्हाडाची जेवणं झाली, गल्लीतल्यांची पंगत बसली होती. मुलगी निघायची वेळ आली. ती काकूंना भेटली, आईच्या पाया पडली, मग अप्पांजवळ आली आणि अप्पांना रडू फुटलं. डोळे पुसण्यातलं रडू नव्हतं ते. त्यांनी तोंड उघडून, छाती फोडून हंबरडा फोडला. गल्लीतली माणसं जेवणं सोडून बघायला लागली. ज्याचा शब्द कधी शेजारच्या खुर्चीपलीकडं गेला नव्हता, तो माणूस मांडव दणाणून टाकत होता. क्लॅरिओनेट थांबलं. मुलगी घाबरली. तिनं त्यांचा चेहरा धरला.

"अप्पा, हळू. कानाला त्रास होईल तुमच्या."

अप्पांनी मान हलवली. हुंदक्यातून जेमतेम शब्द फुटले.

"माजाच हाय की. टोचत न्हाई."

आईनं आपली खुर्ची उचलून त्यांच्याजवळ नेऊन ठेवली, त्यांना तीवर बसवलं, आणि जमलेल्या लोकांना म्हणाली, "जावा, जेवून घ्या. त्यांना रडू द्या."